कोरी चिठ्ठी : नल पॉइंटर समजून घेताना



गेल्या महिन्यात माझ्या एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. चौथीला माझ्या वर्गात होती, आता संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "बाई, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लिनक्सचा छोटा ड्रायव्हर लिहिलाय. चालू केला की सगळी सिस्टीमच बंद पडतेय. पॉइंटर नल आहे का ते मी तपासलंय, तरीपण पडतेय."

मी विचारलं, "तपासलंस ते कितव्या ओळीला?"

थोडा वेळ शांतता. मग ती हसायला लागली. "बाई, वापर पाचव्या ओळीला आहे आणि तपासणी सातव्या."

आजचा लेख या दोन ओळींच्या फरकाबद्दल आहे. माझं शिक्षण डी.एड. पॉइंटर मी शिकले ते नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या सी भाषेवरच्या पुस्तकांतून, सुट्टीत, अडखळत. म्हणून जिथं मी अडखळले तिथंच थांबत थांबत सांगते. तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी संगणक शिकत असेल, तर त्याच्यासाठी हा लेख ठेवा. कुणी नसेल तरी वाचा, कारण शेवटी विषय आपल्या वर्गावरच येणार आहे.

१. पॉइंटर म्हणजे काय?

संगणकाची मेमरी म्हणजे ओळीनं मांडलेले खण समजा. प्रत्येक खणाला क्रमांक आहे. खणात माहिती असते. खणाच्या क्रमांकाला पत्ता म्हणायचं. आता एका चिठ्ठीवर मी खणाचा क्रमांक लिहिला, समजा ४२०, आणि ती चिठ्ठी तुमच्या हातात दिली. ही चिठ्ठी म्हणजे पॉइंटर. चिठ्ठीत माहिती नाही, माहिती कुठं आहे ते लिहिलेलं आहे.

चिठ्ठी वाचून त्या खणापर्यंत जाणं आणि आतली वस्तू काढणं ही वेगळी क्रिया आहे. प्रोग्राम लिहिणारे तिला डीरेफरन्स करणं म्हणतात. आपण "चिठ्ठी वापरणं" म्हणू. चिठ्ठी खिशात असताना काहीच धोका नसतो. धोका असतो तो वापरताना.

२. नल म्हणजे 'शून्य गुण' नव्हे

कधी कधी चिठ्ठी द्यायची असते, पण खणच मिळालेला नसतो. अशा वेळी चिठ्ठीवर ठरवून 'काही नाही' अशी खूण करतात. ती खूण म्हणजे नल. आपण तिला कोरी चिठ्ठी म्हणू.

शिक्षकांना हा फरक पटकन कळेल. गुणपत्रकात एका मुलापुढे ० लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यापुढे 'गै.ह.'. पहिल्यानं पेपर दिला, गुण मिळाले नाहीत. दुसऱ्यानं पेपरच दिलेला नाही. सरासरी काढताना 'गै.ह.' ला शून्य धरलं तर सगळ्या वर्गाचा हिशोब चुकतो. तसंच इथं. खणात शून्य असणं वेगळं आणि खणच नसणं वेगळं.

गोंधळ होतो तो एका गोष्टीमुळे. बहुतेक संगणकांत नलची खूण म्हणून पत्ता क्रमांक शून्यच वापरतात. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम एक खबरदारी घेते. मेमरी पानापानांनी वाटलेली असते, एक पान सहसा ४०९६ बाइटचं. शून्यापासून सुरू होणारं पहिलं पान सिस्टीम कुणालाच देत नाही. कुणी कोरी चिठ्ठी घेऊन तिकडं गेलंच, तर प्रोसेसर लगेच ओरडतो, "इथं काही नाही!"

लिनक्समध्ये बऱ्याच ठिकाणी फक्त एक पान नाही, सुरुवातीचे ६५,५३६ बाइट बंद ठेवतात. त्याचं कारण असं. चिठ्ठी कोरी आहे, पण प्रोग्राम म्हणतो, "त्या पत्त्यापासून सोळा घरं पुढं जा." शून्य अधिक सोळा म्हणजे तो सोळा क्रमांकावर जातो. म्हणून सिस्टीम पडल्यावर पडद्यावर चुकीचा पत्ता शून्य न दिसता ८, १६, २४ असा छोटा आकडा दिसला, तरी ओळखायचं की मूळ चिठ्ठी कोरी होती. माझ्या विद्यार्थिनीच्या पडद्यावर १६ होतं. ती दोन दिवस "सोळा कुठून आला" हेच शोधत होती.

३. कोरी चिठ्ठी बरी, की काहीतरी लिहिलेली?

नलची कल्पना टोनी होअर या संगणकशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत आणली. पुढं २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच सांगितलं की ही आपली अब्ज डॉलरची चूक होती. करायला सोपी होती म्हणून केली, असंही त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं. त्यांची तक्रार अशी की भाषेनं प्रत्येक चिठ्ठी कोरी असू शकते अशी सूट दिली, पण वापरण्याआधी तपासायची सक्ती केली नाही.

पण नलपेक्षाही वाईट एक चिठ्ठी असते. सी भाषेत तुम्ही पॉइंटर तयार केला आणि त्यात काहीच भरलं नाही, तर तो आपोआप कोरा होईलच असं नाही. फंक्शनच्या आत तयार केला असेल, तर त्या जागेवर आधी जे काही पडलेलं असेल तेच त्याच्यात राहतं. म्हणजे चिठ्ठीवर क्रमांक दिसतो, पण तो कुणी विचार करून लिहिलेला नाही. असा प्रोग्राम कुणाच्या तरी खणात जातो, तिथली माहिती बदलतो आणि पुढं निघून जातो. पडतही नाही. दोन तासांनी दुसऱ्याच ठिकाणी काहीतरी बिघडतं आणि कारण सापडत नाही.

कोरी चिठ्ठी निदान प्रामाणिक असते. ती तपासता येते. 'काहीतरी' लिहिलेली चिठ्ठी तपासताच येत नाही, कारण ती खऱ्या चिठ्ठीसारखीच दिसते. म्हणून पहिला नियम : पॉइंटर तयार केला की त्यात खरा पत्ता भरा, नाहीतर स्वतःहून नल भरा.

हे वाक्य फोनवर तिला सांगताना माझी जीभ जरा अडखळली. का, ते शेवटी सांगते.

४. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये हीच चूक महाग का पडते?

मोबाइलमधल्या एखाद्या ॲपनं कोरी चिठ्ठी वापरली, तर ऑपरेटिंग सिस्टीम त्या ॲपला बंद करते. बाकीचा फोन चालू राहतो. आपण ॲप पुन्हा उघडतो आणि विसरून जातो.

पण सगळ्यांना मेमरी वाटून देणारा जो गाभा आहे, ज्याला कर्नल म्हणतात, त्यानंच कोरी चिठ्ठी वापरली तर? त्याला सावरणारा वर कुणीच नाही. विंडोजचा पडदा निळा होतो. लिनक्स चुकीचा अहवाल छापतं, कधी ते काम सोडून कसंबसं चालू राहतं, कधी पूर्ण थांबतं.

गाभ्यातली चूक किती दूर जाते ते आपण १९ जुलै २०२४ रोजी पाहिलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक भाग विंडोजच्या गाभ्यात चालतो. त्याला चुकीची माहिती मिळाली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या देशातल्या विमानतळांवर त्या दिवशी हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. सुरुवातीला अनेकांनी याला नल पॉइंटरची चूक म्हटलं. ती नव्हती. यादीत २० नोंदी होत्या आणि प्रोग्राम एकविसावी वाचायला गेला. म्हणजे चिठ्ठी कोरी नव्हती, यादीच्या बाहेरची होती. पण चुकीची जात एकच : पत्ता खरा आहे का ते न बघता तिकडं जाणं.

५. २००९ ची गोष्ट : तपासणी होती, तरी घात झाला

आता आपल्या मूळ प्रश्नाकडं येऊ. तपासणी केली होती, मग सिस्टीम का पडली?

लिनक्समध्ये 'टन' नावाचा एक ड्रायव्हर आहे. टनेल या शब्दाचं ते छोटं रूप. व्हीपीएनसारख्या कामांसाठी तो वापरतात. २००९ मध्ये, कर्नलच्या २.६.३० या आवृत्तीत, त्यातल्या एका फंक्शनच्या दोन ओळींचा अर्थ साधारण असा होता :

पहिली ओळ : 'टन' ची चिठ्ठी घे, त्या खणात जा, आतला सॉकेटचा पत्ता उतरवून घे.
नंतरची ओळ : 'टन' ची चिठ्ठी कोरी असेल, तर चूक कळव आणि परत फिर.

वाचताना बरं वाटतं, तपासणी आहे. पण क्रम बघा. आधी वापर, मग तपासणी. मुलाला आधी विहिरीत उतरवून मग "पोहता येतं का रे?" विचारण्यासारखं.

इथवर फक्त निष्काळजीपणा होता. पुढची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. आपण लिहिलेल्या प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्याला कंपायलर म्हणतात. तो रूपांतर करताना अनावश्यक ओळी काढून प्रोग्राम वेगवान करतो. सी भाषेचा नियम सांगतो की कोरी चिठ्ठी वापरायचीच नसते. मग कंपायलरनं असा विचार केला : "पहिल्या ओळीत ही चिठ्ठी वापरली आहे. म्हणजे ती कोरी नसणारच. मग पुढची तपासणी कशाला?" आणि त्यानं तपासणीची ओळच काढून टाकली. लिहिणाऱ्याच्या कागदावर तपासणी होती, प्रत्यक्ष चालणाऱ्या प्रोग्राममध्ये नव्हती.

जुलै २००९ मध्ये ब्रॅड स्पेंगलर या सुरक्षा अभ्यासकानं याचा परिणाम करून दाखवला. वर सांगितलेलं शून्य क्रमांकाचं बंद पान त्यानं पळवाट काढून उघडलं आणि तिथं स्वतःची बनवलेली माहिती ठेवली. कर्नल कोरी चिठ्ठी घेऊन शून्यावर गेला. नेहमी तिथं काही नसतं म्हणून तो पडला असता. या वेळी तिथं 'सामान' होतं, म्हणून तो ते खरं मानून पुढं गेला. अडवणारी ओळ तर आधीच गेली होती. अशा रीतीनं साध्या वापरकर्त्याच्या हातात सगळ्या सिस्टीमचा ताबा आला.

यानंतर तीन पातळ्यांवर काम झालं. ड्रायव्हरमधला ओळींचा क्रम सुधारला. कर्नल तयार करताना 'नलच्या तपासण्या काढू नकोस' अशी सूचना कंपायलरला देणं सुरू झालं. आणि पहिलं पान बंद ठेवण्यातल्या पळवाटांकडंही लक्ष दिलं गेलं. एकाच कुलपावर भरवसा ठेवायचा नाही, हा त्यातला धडा.

६. सुरक्षित हाताळणीचे सहा नियम

(अ) मागितलं की लगेच तपासा. कर्नलमध्ये मेमरी मागायला केमॅलॉक नावाचं फंक्शन आहे. मेमरी शिल्लक नसेल तर ते कोरी चिठ्ठी देतं. "एवढीशी तर मागितली, मिळणारच" असं धरून चालू नका. मागणीच्या पुढची ओळ तपासणीची हवी, वापर त्यानंतर.

(आ) मध्येच अडलं तर घेतलेलं परत करा, उलट क्रमानं. समजा तीन खण हवे होते. दोन मिळाले, तिसऱ्याला कोरी चिठ्ठी आली. नुसतं परत फिरलात तर ते दोन खण कायमचे अडकतात. आधी दुसरा सोडा, मग पहिला, मग चूक कळवा.

(इ) 'नाही' किती प्रकारे येतं ते माहीत करून घ्या. लिनक्समधली काही फंक्शन्स नकार देताना नल देत नाहीत. ती पत्त्याच्या जागी चुकीचा क्रमांकच भरून देतात. त्यासाठी पत्त्यांच्या अगदी शेवटची ४०९५ मूल्यं राखून ठेवली आहेत. तिथं "नल आहे का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येतं, आणि आपण खुशाल पुढं जाऊन पडतो. शून्य बाइट मागितले तरी केमॅलॉक एक खास पत्ता देतं, तो नलही नसतो आणि वापरण्याजोगाही नसतो. म्हणून कोणतं फंक्शन नकार कसा देतं ते आधी वाचा.

(ई) परत केल्यावर चिठ्ठी पुसा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा-उमरगा भागातली कित्येक गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसली. कुणाच्या वहीत जुन्या गावठाणातल्या घराचा पत्ता तसाच राहिला असेल, तर तो पत्ता वाचायला नीट असतो, पण तिथं आता ते घर नाही. मेमरी सोडून दिल्यावर हातात उरलेली चिठ्ठी अशीच असते. ती कोरी नसते म्हणून तपासणीत पास होते, आणि तो खण एव्हाना दुसऱ्याला दिलेला असू शकतो. म्हणून केफ्रीनं मेमरी सोडली की चिठ्ठीवर नल लिहा. केफ्रीला चुकून कोरी चिठ्ठी दिली तरी ते काही करत नाही, त्यामुळं दुसऱ्यांदा सोडण्याची चूकही टळते. मात्र त्याच पत्त्याच्या आणखी प्रती इतरांकडं असतील, तर आपली पुसून त्यांच्या पुसल्या जात नाहीत. त्यांचाही हिशोब ठेवावा लागतो.

(उ) तपासणी आणि वापर यांच्यात फट ठेवू नका. खिळ्याला किल्ली आहे हे बघितलं, डबा आणायला वळलो, तेवढ्यात दुसऱ्यानं किल्ली नेली. कर्नलमध्ये एकाच वेळी अनेक कामं चालतात. तपासताना चिठ्ठी भरलेली होती आणि वापरताना कोरी झाली, असं घडू शकतं. म्हणून तपासण्याआधी कुलूप घ्यायचं आणि वापर झाल्यावरच सोडायचं.

(ऊ) नल सापडल्यावर गप्प बसू नका. जिथं नल येणं शक्यच नाही तिथं तो आला, तर आधी कुठंतरी चूक झाली आहे. "नल असेल तर सोडून दे" अशी पट्टी सगळीकडं लावली की सिस्टीम पडत नाही, पण मूळ रोग झाकला जातो. चूक कळवा, नोंद करा.

अलीकडं होअर यांच्या तक्रारीवरचा उपायही गाभ्यात येतो आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१ पासून रस्ट या भाषेला कर्नलमध्ये जागा मिळाली. त्या भाषेत साधा संदर्भ कोरा असूच शकत नाही. 'असेल किंवा नसेल' असं असल्यास ते वेगळ्या प्रकारानं सांगावं लागतं, आणि 'नसेल तर काय' हे लिहिल्याशिवाय आतली वस्तू हाती लागत नाही. म्हणजे तपासणी माणसाच्या आठवणीवर सोडलेली नाही.

७. वर्गात करायची कृती

साहित्य : रिकाम्या काडेपेट्या २०, कागदाच्या चिठ्ठ्या.

काडेपेट्यांवर १ ते २० क्रमांक घाला, प्रत्येकीत एक चित्र ठेवा. काही चिठ्ठ्यांवर क्रमांक लिहा, तीन-चार कोऱ्या ठेवा. मुलानं चिठ्ठी उघडून आधी मोठ्यानं सांगायचं, "क्रमांक सात" किंवा "कोरी". कोरी असेल तर जागेवरून हलायचं नाही. न सांगता धावणारा बाद. दुसऱ्या फेरीत एका पेटीतलं चित्र काढून तिथं दुसरं ठेवा आणि जुनी चिठ्ठी तशीच राहू द्या. मुलं आपोआप विचारतात, "बाई, चिठ्ठीवर तर हाच नंबर होता!" तिथंच नियम (ई) समजावून सांगता येतो. तिसरी-चौथीची मुलं हे आरामात करतात.

शेवटी, जीभ का अडखळली ते.

"पेपर कोरा सोडू नका, काहीतरी लिहून या." हे वाक्य मी दरवर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी म्हणते. तुम्हीही म्हणत असाल. पालकही म्हणतात. त्या मुलीलाही चौथीत मी हेच सांगितलं होतं. आणि आता तिलाच फोनवर सांगत होते की 'काहीतरी' लिहिलेल्या चिठ्ठीपेक्षा कोरी बरी.

परीक्षेतल्या गुणांचा हिशोब वेगळा, हे मला मान्य आहे. पण रोजच्या वहीचं काय? फोननंतर मी वर्गात एक सवलत दिली. गणित येत नसेल तर काहीतरी आकडा लिहायचा नाही, उत्तराच्या जागी गोल काढायचा. गोलाला रागावणार नाही, असं वचन दिलं. पहिल्याच दिवशी ५०२ मधून १७८ वजा करा या उदाहरणापुढे निम्म्याहून जास्त वर्गानं गोल काढला. मधल्या शून्यापाशी हातचा कसा घ्यायचा हे त्यांना कळलंच नव्हतं. आदल्या आठवड्यात त्याच वह्यांत आकडे भरलेले होते. काही बरोबरही होते, शेजाऱ्याचे. आणि मी धडा झाला म्हणून पुढं गेले होते. म्हणजे आधी वापर, मग तपासणी. ओळींचा क्रम माझाही चुकलाच होता.

त्या मुलीनं ओळींची अदलाबदल केली. रात्री मेसेज आला, "बाई, चाललं." मी दुसऱ्या दिवशी वजाबाकीचा धडा पुन्हा घेतला.

तुमच्या वर्गात गोलाचा प्रयोग करून बघा आणि काय सापडलं ते जरूर कळवा. काडेपेट्यांची कृती करताना काही अडलं तर तेही विचारा. मला येत नसेल, तर तसंच सांगेन.